पातेल्याला तोटी

८ जानेवारी, गुरुवार

नाही, मी उपाशी नाही. कुणी विचारलं नाही, पण विचारायच्या आत सांगून टाकलेलं बरं. ब्रेड आहे, अंडी आहेत, चहा आहे. माणसाला आणखी काय लागतं? बाकी सगळे लाड.

ही बहिणीकडे जाऊन राहिली आहे. भांडण वगैरे काही नाही. लोक उगाच राईचा पर्वत करतात. झालं एवढंच की मागच्या गुरुवारी थंडी होती आणि हिने दुपारभर खपून सूप केलं. मसूर, बटाटा, गाजर, वाटाणे, कांदा, काय काय. दुपारभर! मी दोनदा आत डोकावलो, दोन्ही वेळा ढवळतच होती. संध्याकाळी वाडगा माझ्या पुढ्यात ठेवला आणि समोर बसून राहिली. मी प्यालो. म्हणाली, कसं झालंय? आता सूप कसं होणार? मी म्हणालो, पाणीच तर तापवायचं असतं, त्याला आख्खी दुपार कशी लागते तुला? मी कारखान्याचा बॉयलर सांभाळला आख्खी नोकरी, टाक्याच्या टाक्या पाणी तापवलं, मला नाही कुणी विचारलं कसं झालंय म्हणून.

खरं ते बोललो. खऱ्याचे दिवस नाहीत.

हिने वाडगा उचलला, धुतला, पुसला, पालथा घातला. मग कपाटावरची बॅग काढली. दारात उभी राहून म्हणाली, मग आता तुम्हीच तापवा.

दोन दिवसांत येईल म्हणून मी दाराची कडी आतून लावत नव्हतो. आता लावतो. थंडी येते.

९ जानेवारी, शुक्रवार

मेव्हणीचा फोन. ही स्वतः बोलत नाही, धाकट्या बहिणीला पुढे करते. मेव्हणीचा आवाज असा की फोन हातभर लांब धरला तरी शेजारी ऐकू जावा. म्हणाली, भावजी, ताईचं म्हणणं असं आहे, की तुम्ही एकदा स्वतःच्या हाताने सूप करून दाखवा. आम्ही तिघं रविवारी येतो. ताईने दुसरा वाडगा मागितला तर ती तिथंच राहील, बॅग घेऊनच येते ती. नाही मागितला, तर आमची मागची खोली तिची. कायमची. रंगवायला काढलीच आहे आम्ही. पिवळी.

मी म्हणालो, हा रविवार जमणार नाही. पुढच्या रविवारी या. कामं असतात माणसाला.

कामं काही नव्हती. पण एकदम हो म्हटलं की समोरच्याला वाटतं आपण वाटच बघत बसलो होतो.

पिवळी म्हणे. रंगवा. या थंडीत रंग वाळत नाही, एवढं साडूला कळायला हवं.

हा साडू म्हणजे एक प्रकरण आहे. लायब्ररीत होता, आता रिटायर. घरात स्वयंपाक तोच करतो. पुस्तक उघडून समोर उभं करतो आणि मीठ चमच्याने मोजतो. मीठ! चमच्याने! वरून सपाट करतो सुरीने. ही त्याच्याकडे बघते आणि मग माझ्याकडे बघते. बोलत काही नाही. बघते.

मला पुस्तकाची गरज नाही. शाळा मी सातवीत सोडली, पण बॉयलरचं सर्टिफिकेट पहिल्या झटक्यात काढलं. पाणी, आग, भांडं. तीनच गोष्टी. त्या तिन्हींशी माझी ओळख साडूच्या लायब्ररीपेक्षा जुनी आहे.

संकल्प: सूप एका तासात करून दाखवायचं. त्यातही मधे पेपर वाचायचा.

१० जानेवारी, शनिवार

किराणावाल्याकडे गेलो. मसूर द्या म्हणालो. तो म्हणाला, अख्खी की डाळ? मी म्हणालो, सूपमध्ये जाते ती. तो म्हणाला, काका, दोन्ही जातात, काकू कुठली नेतात? मी म्हणालो, काकूंना मधे आणू नकोस. तो म्हणाला, मी कुठं आणतोय, काकू स्वतःच काल आल्या होत्या त्यांच्या बहिणीबरोबर, रंगाच्या ब्रशची चौकशी करत होत्या.

दोन्ही घेतल्या. ब्रश आमच्या किराणावाल्याकडे मिळत नाहीत, तेवढं एक बरं.

१२ जानेवारी, सोमवार

ट्रायल घेतली. कोणतंही मशीन चालू करण्याआधी ट्रायल घेतात. साडूला हे माहीत नसणार.

हिचं जाड बुडाचं मोठं पातेलं काढलं. हे तिने शिवणाच्या पैशातून घेतलेलं, त्यामुळे त्याला हात लावायची घरात कुणाची टाप नाही. पण घरात आता आहे कोण? सगळं एकदम आत टाकलं. पाणी वरपर्यंत. गॅस फुल. बॉयलर पेटवताना मिणमिणता जाळ करणारा माणूस मी कधीच नव्हतो. झाकण ठेवलं, वर वरवंटा ठेवला आणि पेपर घेऊन बसलो.

पेपर चांगला होता.

समोरच्या घरातली नर्सबाई दार वाजवत आली. नाइट करून आलेली, झोपेत होती बिचारी. म्हणाली, काका, धूर येतोय तुमच्याकडून. मी म्हणालो, वाफ आहे. ती म्हणाली, काळी आहे. मग आपणच आत आली, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. एवढ्या थंडीत! पातेल्यात बघितलं आणि म्हणाली, ढवळलं नाहीत का हो? मी म्हणालो, बॉयलर ढवळत नसतात. ती म्हणाली, हा बॉयलर नाहीये. म्हणजे हिने फोन करून पढवलेली दिसते.

वरचं अर्धं कच्चं, खालचं अर्धं कोळसा. मधे कुठंतरी सूप असावं, पण सापडलं नाही.

ब्रेड खाल्ला. खिडक्या बंद केल्या तरी खोली तापेना. हिची शाल अंगावर घेतली. खुंटीवर तीच पुढे असते, म्हणून.

१३ जानेवारी, मंगळवार

पातेलं घासतोय. कालपासून.

घासता घासता कारण सापडलं. म्हणून मी म्हणतो, हाताने काम करावं, पुस्तकात काही नसतं. पातेल्याच्या बुडाशी बसलेला थर बघितला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. गाळ! बॉयलरमध्येही हेच होतं. पाण्यातलं जे जड असतं ते खाली बसतं, त्याचा थर होतो, थराखाली पत्रा लाल होतो आणि मग बोंबला. म्हणून तर प्रत्येक पाळीत खालच्या नळाचा कॉक उघडून तो गाळ सोडून द्यायचा असतो. आमच्यात त्याला ब्लोडाऊन म्हणतात. जो ब्लोडाऊन चुकवतो तो बॉयलरवाला नाही, तो हमाल.

म्हणजे चूक माझी नव्हतीच. गाळ काढायला वाट नव्हती, ही चूक पातेल्याची.

आणि आता सगळाच उलगडा होतो. हिच्या सूपमध्ये कायम तळाला जाडजूड, चिकट असं काहीतरी असायचं. डाळ म्हणा, बटाटा म्हणा, सगळं लगद्यासारखं. इतकी वर्षं गाळासकट प्यालो. एक शब्द बोललो नाही. तिला गाळ काढता येत नाही हे मी पोटात ठेवलं. आणि ही म्हणते मला कदर नाही!

दुपारी हिचा फोन आला. स्वतः बोलली. म्हणाली, करताय ना काहीतरी? मी म्हणालो, तयारी फुल आहे. म्हणाली, छोटं पातेलं वापरा, माझ्या मोठ्याला हात लावू नका. मी काही बोललो नाही. काही न बोलणं म्हणजे हो नव्हे. मग म्हणाली, पायात मोजे घालता ना? मी म्हणालो, मोज्यांचा इथे काय संबंध. ठेवला फोन.

मोजे घातले. पाय गार पडले होते, तिने सांगितलं म्हणून नाही.

१४ जानेवारी, बुधवार

वेल्डरकडे गेलो, पातेलं पिशवीत घालून. जुना ओळखीचा, कारखान्यात होता माझ्याबरोबर, आता पेट्रोल पंपामागे शेड टाकून गेटं बनवतो. पातेलं टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, बुडाला लागून, बाजूला, एक इंची कॉक बसवून दे.

त्याने पातेलं उलटसुलट करून बघितलं. म्हणाला, दादा, हे पातेलं आहे.

मी म्हणालो, दिसतंय.

म्हणाला, वहिनींचं आहे?

मी म्हणालो, कॉक बसवतोस की वहिनींची जन्मकुंडली मांडतोस?

म्हणाला, बसवतो, पण वहिनींनी विचारलं तर मी तुम्हाला ओळखत नाही. मग म्हणाला, अर्धा इंची बसवूया, बारीक दिसेल. मी म्हणालो, अर्ध्या इंचातून वाटाणा अडकतो, एवढी अक्कल ठेव. तो म्हणाला, वाटाणा? मी म्हणालो, तू फक्त भोक पाड.

भोक पाडताना जो आवाज झाला तो जरा कानाला लागला. चांगल्या भांड्याला होतोच तसा.

काम फर्स्टक्लास केलंय. पितळी कॉक, लाल दांडा. टेबलावर ठेवलं की पातेलं एकदम हुशार दिसतं. ही बघेल तेव्हा आधी ओरडेल आणि मग म्हणेल, हे आपल्याला आधी का नाही सुचलं. तिचं कायम असंच असतं. आधी ओरडणं, मग पटणं. दुसरा भाग ती बोलून दाखवत नाही, तो आपण समजून घ्यायचा.

१५ जानेवारी, गुरुवार

दुसरी ट्रायल. पास.

या वेळी गॅस मधला ठेवला. फुल ठेवायला मी काही घाबरलो नाही, पण नर्सबाईची झोप मोडू नये. उकळी आली की कॉक उघडायचा, खाली बादली. आली उकळी, उघडला, सोडला गाळ. परत उकळी, परत सोडला. असं करत करत पातेल्यात जे उरलं ते इतकं स्वच्छ, की तळाचा पत्रा दिसावा. कारखान्यातल्या साहेबाने बघितलं असतं तर पाठ थोपटली असती. तसा तो कुणाचीच पाठ थोपटत नसे, पण थोपटली असती.

वाडगाभर नर्सबाईला नेऊन दिलं. तिने एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, परत एक घोट घेतला. म्हणाली, काका, पेशंट कोण आहे? मी म्हणालो, कुणी नाही. ती म्हणाली, ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी आम्ही साधारण असंच देतो.

म्हणजे शास्त्रशुद्ध आहे. हॉस्पिटलात पुस्तक वाचून नाही, डिग्री घेऊन ठरवतात.

जाताना म्हणाली, डाळ कुठे गेली पण? मी म्हणालो, आमच्या धंद्यातलं आहे ते, तुम्हाला नाही कळायचं. ती म्हणाली, काका, रविवारी काकू येणार ना, जरा विचारून करा कुणाला तरी. कुणाला विचारू? या गावात बॉयलर माहीत असलेला माणूस एक मी आणि एक वेल्डर.

कॉकमधून किंचित थेंब गळतो. खाली वाटी ठेवतो. नव्या कॉकला सवय व्हायला वेळ लागतो.

१६ जानेवारी, शुक्रवार

थंडी फार. सकाळी नळाला पाणी आलं ते खोकत खोकत आलं. खिडकीच्या काचेवर आतून दव. पुसायचं कुणी, आणि कशाला?

साडूचा फोन. त्याला काय गरज होती? म्हणाला, अहो, काही मदत लागली तर सांगा, आपण दोघंच आहोत म्हणून बोलतो, मी पण सुरुवातीला तीनदा जाळलं होतं. मी म्हणालो, माझं जळलं नाही. तो म्हणाला, मी कुठं म्हणालो जळलं म्हणून. मग नर्सबाईच बोलली असणार. मग म्हणाला, सोपं आहे बघा, बारीक आच आणि सारखं ढवळायचं, आणि घाई नाही करायची, बास. मी म्हणालो, तुमची खोली वाळली का? म्हणाला, नाही ना हो, ओलीच आहे, या थंडीत वाळतच नाहीये.

सांगितलं होतं. मनात सांगितलं होतं, पण सांगितलं होतं.

नंतर विचार केला, ओल्या खोलीत ही झोपते कुठे? सर्दीला पटकन बळी पडते. म्हटलं फोन करून विचारावं. मग म्हटलं, रविवारी येतेच आहे, बॅग घेऊन.

१७ जानेवारी, शनिवार

तयारी. चार वाडगे पुसले. हिची खुर्ची हलत होती, तिला खिळा मारला. आता दुसऱ्या बाजूला हलते.

कपाटात तिची जागा मोकळी केली. तिथे मी माझी अवजारं ठेवली होती. एवढ्या लवकर ठेवायला नको होती, पण जागा रिकामी बघवत नाही मला. रिकामी जागा म्हणजे आळस.

हिला ये म्हणणार नाही, हे पक्कं. ये म्हटलं की माणूस डोक्यावर बसतो. सूपच बोलेल. आपण फक्त वाढायचं आणि गप्प बसायचं. दुसरा वाडगा मागितला की म्हणायचं, घे. एवढंच. घे. घे-च्या पुढे एक अक्षर नाही.

१८ जानेवारी, रविवार. दुपारी

आज या थंडीतला सगळ्यात वाईट दिवस. आणि नेमका आजच गॅसला जोर नाही. निळी ज्योत मुंगीएवढी. बिल्डिंगमध्ये सगळ्यांकडे तेच, नर्सबाई म्हणाली. पाइपात काहीतरी गारठलंय. मी सगळं बारा वाजता चढवलं, एका तासात उरकायचं म्हणून. दोन वाजले तरी नुसतं गुळगुळ करतंय.

काय करणार. बाहेरच्या खोलीत बसवत नव्हतं, इतका गारवा. पातेल्याजवळ तेवढी ऊब. स्टूल ओढून तिथेच बसलो. हात गार पडले, म्हणून डाव घेऊन ढवळत राहिलो. हात हलला की रक्त फिरतं. ढवळायचं म्हणून नाही ढवळलं, नोंद असावी.

तीन वाजले. बटाटे विरघळायला लागले. कांद्याचा कच्चा वास गेला, दुसराच वास यायला लागला. मीठ घातलं, चाखलं, अजून थोडं घातलं. चमच्याने नाही मोजलं. डाव तळापासून फिरवला की दाट असं वर येतं आणि हळूच मिटतं. बघत बसलं की वेळ कसा जातो कळत नाही. पेपर वाचायचा राहिला.

घरभर वास आहे. ही घरी असताना यायचा तसा. डोळ्यांत पाणी आलं. कांद्याने येतं. कांदा सकाळी चिरला होता, पण येतं.

चार वाजता येतील. गॅस बंद केला. आता न ढवळता ठेवलंय, गाळ नीट खाली बसू दे. या वेळी ब्लोडाऊन त्यांच्या डोळ्यांदेखत करणार. काम कसं असतं ते बघू देत साडूला.

१८ जानेवारी. संध्याकाळी

आले. ही पुढे, हातात बॅग. मागे मेव्हणी आणि साडू. ही उंबऱ्यात थांबली, नाक वर केलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मी भिंतीकडे बघितलं. म्हणाली, अहो, वास तर... बॅग खाली ठेवली. दाराबाहेर नाही. आत. खुंटीखाली, कायम ठेवते तिथे.

मेव्हणी म्हणाली, भावजी, खरं सांगा, हॉटेलातून मागवलंत ना? साडूने डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाला, नाही गं, हे बारीक आचेवरचं आहे. मी म्हणालो, आच माझ्या ताब्यात होती. ही चक्क हसली. म्हणाली, कधी वाढताय? भूक लागली मला.

इथे मी थांबलो असतो तर बरं झालं असतं असं लोक म्हणतील. म्हणोत. अर्धवट काम मला जमत नाही.

मी म्हणालो, एक मिनिट, फायनल काम राहिलंय. पातेलं ओट्याच्या कडेला घेतलं, खाली बादली सरकवली. तेव्हा हिला तो कॉक दिसला. म्हणाली, हे काय आहे? मी म्हणालो, बघ नुसतं. ती म्हणाली, अहो, माझ्या पातेल्याला तोटी का आहे? मी लाल दांडा फिरवला.

आधी काही आलं नाही. मग भसकन आलं. दाट, केशरी, वाफाळतं, एका मागोमाग एक गोळे. पहिला गोळा बादलीत पडला तेव्हा मेव्हणीने किंकाळी फोडली. ही नुसती अहो, अहो, अहो करत होती. मी म्हणालो, घाबरू नका, गाळ आहे. साडू पुढे धावला आणि कॉक बंद करायला लागला. मी त्याचा हात झटकला, माझ्या मशीनला दुसऱ्याने हात लावलेला मला चालत नाही. तोवर जाड सगळं गेलं होतं. मग पाणी यायला लागलं तसा बंद केला. वेळेवर. अंदाज अजून पक्का आहे.

फरशी पुसायची बादली होती ती. कालच फिनेल घालून ठेवलेली.

मग चौघं उभे.  कॉकमधून थेंब टपटपत होता तेवढाच आवाज. मेव्हणी तोंडात पदर कोंबून हसायला लागली, तिघांच्या वाटणीचं एकटीच हसली. साडू हसला नाही. हसला असता तर चाललं असतं. तो खाली बघत होता, कुणाच्या घरी वाईट झालं की बघतात तसा.

ही बादलीजवळ वाकली. बराच वेळ वाकून होती. मग म्हणाली, झालं होतं हो. चांगलं झालं होतं. अगदी बरोबर झालं होतं.

मी म्हणालो, अजून आहे की पातेल्यात, मुख्य तर तेच आहे. चार वाडगे भरले. ब्रेड ठेवला. साडू सगळं प्याला आणि म्हणाला, हलकं आहे. मेव्हणीने ब्रेड खाल्ला. हिने दोन घोट घेतले आणि वाडग्यात बघत बसली, आत काही बुडालं असावं तशी. मी वाट बघत होतो. मला घे म्हणायचं होतं. तयार होतो.

तिने वाडगा पुढे सरकवला. रिकामा नाही, भरलेला.

मग उठली, पातेलं उचललं, कॉकवरून बोट फिरवलं. म्हणाली, कुणी बसवला? मी म्हणालो, मला आठवत नाही. पातेलं काखेत मारलं, दुसऱ्या हातात बॅग घेतली. म्हणाली, ठरल्याप्रमाणे. मेव्हणी म्हणाली, ताई, जाऊ दे गं, राहा आज. ही म्हणाली, त्यांनी एका अक्षराने म्हटलंय का मला राहा म्हणून?

तिघं उतरायला लागली. मी दार लावून घेतलं. मग उघडलं. जिन्यात दिवा नसतो, बल्ब गेलाय, कुणीतरी धडपडेल म्हणून टॉर्च घेऊन मागे गेलो. मेव्हणी आणि साडू पुढे निघून गेले. ही मधल्या वळणावर थांबली, काखेत पातेलं. मी टॉर्च तिच्या पायांवर धरला आणि बोललो.

काय बोललो ते इथे लिहिणार नाही. तीनच शब्द होते.

तिने बॅग पायरीवर टेकवली. मग म्हणाली, हे आधी बोलायला काय झालं होतं? माझी एक बॅग उचलायची वाचली असती. आणि पुढे म्हणाली, तुम्ही यायचं तर माझ्या बहिणीला विचारायला लागेल, घर तिचं आहे.

१९ जानेवारी, सोमवार

बॅग भरली. माझी. दोन स्वेटर, मोजे, दाढीचं सामान, पाना. पाना कुठे लागेल सांगता येत नाही.

यात लाजण्यासारखं काही नाही. बिल्डिंगचा गॅस नीट चालत नाही, अशा थंडीत म्हाताऱ्या माणसाने एकटं राहणं धोक्याचं. मी स्वतःच्या मर्जीने हवापालट करतोय. किल्ली नर्सबाईकडे दिली. ती नुसती हसली. आजकालच्या मुलींना शिस्त नाही.

२० जानेवारी, मंगळवार. साडूकडे

मागची खोली पिवळी आहे. ओलीही आहे. दोघांना पुरते. मी झोपताना भिंतीला पाठ टेकली, तर सकाळी स्वेटर पिवळा. साडू म्हणाला, वाळेल. मी म्हणालो, उन्हाळ्यात.

सकाळपासून थंडी. साडूने सूप चढवलं, छोट्या आचेवर. पुस्तक उभं केलंय. मी त्याला दोन-तीन तांत्रिक गोष्टी सांगणार होतो, तर तो म्हणाला, अहो, आधी कांदा चिरून द्या, बारीक. चिरला. हिने बघितला. म्हणाली, हा बारीक? परत चिरला.

आता मला स्टुलावर बसवलंय, हातात डाव दिलाय. ही समोर खुर्चीत, पाय शेगडीकडे करून, अंगावर शाल. मधेमधे म्हणते, तळापासून. मी म्हणतो, तळापासूनच करतोय. ती म्हणते, दिसतंय मला. साडू मीठ मोजतोय. चमच्याने. सुरीने सपाट करतोय. मी काही बोललो नाही.

आज संध्याकाळी वाडगा कोण आधी पुढे करणार, किती वाडगे जाणार, आणि मी माझं घर कधी उघडणार, याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. कुणी विचारू नये. ही वही मी बंद करतोय, डाव हातात आहे, लिहिता येत नाही.